मामांच्या घरचे परजीवी

माझ्या बायकोच्या मामांइतका परजीवींवर जीव टाकणारा माणूस वर्धा जिल्ह्यातच काय, अख्ख्या भूतलावर झाला नसेल. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी सिंदी मेघेतल्या आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाची वर्गवारी करून टाकली होती. अंगावर बसून पिणारे ते बाह्य परजीवी, म्हणजे उवा, गोचीड आणि चहा पिऊन ओट्यावरूनच परतणारे शेजारी. पोटात शिरून राहणारे ते आंतरपरजीवी, म्हणजे जंत, पट्टकृमी आणि दवाखान्याच्या निमित्ताने अल्लीपूरहून येऊन महिनाभर मुक्काम ठोकणारे नातेवाईक. दारच्या आंब्यावरचं बांडगूळ तोडायला माणूस आला, तेव्हा मामा झाडाला मिठी मारून उभे राहिले. "हे अर्धपरजीवी आहे बाबा. पाणी झाडाचं पिते, पण सैपाक सोताच करते. आपल्या वरच्या भाडेकऱ्यासारखं." भाडेकरू तेव्हा मामांच्याच नळावर बादली भरत होता.

मी रोज संध्याकाळी जायचो. माझा वर्ग तात्पुरता बाह्य, डासाच्या शेजारचा. "मामा, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तरी आत घ्या," मी म्हणायचो. "तुम्ही पिता अन् उडता, जवाईबापू. एखाद रात्री मुक्काम करा, मग पाहू," असं म्हणत ते पातेल्यात आणखी दूध ओतायचे. मामी गेल्यापासून चहा तेच करत, आणि एकट्यापुरता चहा त्यांना कधी जमलाच नाही.

मग ते न्हाणीघरात घसरले. मुलगी त्यांना न्यायला पुण्याहून आली, घर बंद करायचं ठरलं. "जन्मभर पोशिंदा होतो," मामा म्हणाले, "या वयात परजीवी कसं व्हायचं, हे मले कोणी शिकवलं नाई." मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "सोपं आहे मामा. मागून मागून चहा प्यायचा." ते म्हणाले, "अन् तुमचं काय? पोशिंदा गेला तं परजीवी टिकत नाई."

आता चहाच्या वेळेला पुण्याहून फोन येतो. "काऊन जवाईबापू, आज अजून आले नाई? चहा थंडा होऊन राह्यला." थट्टा करतात की खरंच विसरतात, हे विचारायचा धीर मला होत नाही. "निघालोच मामा," मी म्हणतो, आणि चपला घालून त्या बंद फाटकापर्यंत जाऊन येतो.