न पेटलेल्या मशाली
काल इलेक्ट्रिशियनने वायरीवर लावायची प्लॅस्टिकची पट्टी लायटरवर धरली. ती काळी पडली, उग्र वास सुटला, पण लायटर दूर नेताच विझली. "आजी, हिच्यात आग धरू न देणारं औषध असतं," तो म्हणाला, आणि मला आमच्या करी रोडच्या चाळीचं अंगण आठवलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी बायकांची मशाल मिरवणूक निघायची होती. मी लग्न होऊन नुकतीच आलेली, तरी सगळ्यांच्या पुढे. मशालींना गुंडाळायचं कापड यांनीच गिरणीतून आणलेलं, जाड, पांढरं, हाताला मीठ लावल्यासारखं खरखरीत. रॉकेलात बुचकळून काडी लावली की भपकन ज्वाळा उठे आणि लगेच विझे. "दुकानदारानं पाणी घातलंय मेल्यानं!" शेजारच्या काकू ओरडल्या. पण त्याच रॉकेलवर घरोघरी स्टोव्ह पेटत होते, त्यामुळे कुणालाच काही कळेना. तेवढ्यात नाक्यावर पोलिसांच्या गाड्या आल्याची बातमी आली, अंधारून आलं, आणि आम्ही चडफडत घरी परतलो. हे दारातच उभे होते. "नाही ना पेटल्या?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं असेल, असं मी तेव्हा धरून चालले. पण हे तर गिरणीत थिएटरच्या पडद्यांच्या कापडाला असंच आगीचं औषध लावायच्या खात्यात होते! आणि सभेत यांच्याइतक्या मोठ्यानं घोषणा कुणी देत नसे. काल संध्याकाळी यांच्या फोटोला फूल वाहायचं राहून गेलं, की मीच वाहिलं नाही, ते माझं मलाच कळत नाही.