कोंडातली चिलापी

आमच्या नदीला एक खोल डोह आहे, त्याला कोंड म्हणतात. वैशाखात वरची नि आमची खालची, दोन्ही वाड्या मिळून त्यात जाळी टाकतात, मासे कातळावर ओततात आणि घरटी वाटे घालतात. वाटे पडण्याआधी मी माशांचे प्रकार मोजून वहीत लिहितो. वहाळाचं आणि भातखाचरांचं पान वेगळं ठेवलंय, कारण मासे जागा बघून राहतात. वाहत्या पाण्यात दगडांमधून मळे, खाचराच्या चिखलात मरळ, कोंडाच्या तळाशी वाम नि शिंगटी.

कोंडात पूर्वी चौदा प्रकार मिळायचे. यंदा सहा मिळाले, आणि ढिगात अर्ध्याहून जास्त चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया.

"वरच्या वाडीवाल्यांनी मासे मारायची पावडर टाकली," चुलते म्हणाले. "यंदा त्यांना वाटा नाय."

वरच्या वाडीतली एक बाई टोपली घेऊन उभी होती. "पावडरीन सगळे मेले नि चिलापी तेवढी जगली? तिची नि आमची सोयरीक हाय काय?"

लोक हसले. चुलत्यांना ते लागलं. "वहीवाल्या, तू वाच. आकडा कुणाची भीड धरत नाय."

मला पान शोधावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी मी शेताच्या कडेला तळं खणून चिलापीची पिल्लं सोडली होती. त्याच पावसात बांध फुटला आणि तळं वहाळात नि तिथून नदीत गेलं. चिलापी झटपट वाढते का, एवढं मी विचारलं होतं. ती दुसऱ्या माशांची अंडी खाते का, हे विचारलं नव्हतं. पुढच्या वैशाखात चौदाचे अकरा झाले, मग नऊ. आकडे मी लिहीत गेलो, बांध फुटल्याचं कुठेच लिहिलं नाही. पावडरीची बोलणी नुसती ऐकून घेतली.

ते सगळं मी सांगितलं. पावडर कधी कुणी टाकलीच नाही, असं मी म्हणू शकत नव्हतो. घट कधीपासून सुरू झाली, तेवढं सांगितलं.

चुलत्यांनी विचारलं, "तीन वर्षं वही तुझ्याकडंच होती ना?"

"होय."

वरच्या वाडीचे वाटे पडले. माझा चुलत्यांनी स्वतः घातला, नुसत्या चिलापीचा.

घरी बायको मासे साफ करायला बसली. एका मादीच्या तोंडातून अंडी निघाली, पिवळट, मोहरीपेक्षा जरा मोठी.

"तोंडात सांभाळते होय ही?" ती म्हणाली. "मग कोंडात अजून किती असतील?"