आईकडं राहिलेलं शिवण

आई गेली ती दुष्काळाच्या उन्हाळ्यात, सकाळी, दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि पलंगाखालच्या तिच्या चपला पिशवीत घातल्या. पुढची सगळी कामं मी अशीच केली, एकामागून एक.

मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, भिंतीला टेकून बसले होते. गावाहून त्यांचे थोरले भाऊ आले. आल्या आल्या म्हणाले, "तिला गावाकडं नेऊ. आपलं शेत हाय, बाभळीचं वाळलेलं लाकूड लई हाय."

अण्णा म्हणाले, "दादा, मातीला पन्नास माणसं येतील. परत आल्यावर त्यांना अंघोळीला पाणी कुठंय? गावात टँकर एकच येतो ना?"

"व्हय, एकच येतो," काका म्हणाले.

शेजारच्या काकूंनी शहरातल्या गॅसदाहिनीचं सुचवलं. मी फोन लावला. पलीकडचा माणूस सावकाश सांगत होता. दवाखान्याचा दाखला आणा, आधार कार्ड आणा, अंगावर दागिना ठेवू नका, अस्थी दोन-अडीच तासांत मिळतील. हाताला लागली ती आईची मापांची वही. तिच्या मागच्या पानावर मी सगळं लिहून घेतलं. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची.

"अन् अग्नी कोण देणार?" काकांनी विचारलं. "तुला पोरगा नाय."

"पोरगी हाय की," अण्णा म्हणाले.

दाहिनीपाशी मी आईच्या छातीवर पेटता कापूर ठेवला. ट्रॉली आत गेली, दार खाली आलं. तिथल्या माणसानं हिरवं बटन दाखवलं. मी ते दाबलं. लिफ्टचं दाबावं तसं. मला रडू येईल म्हणून काकूंनी माझा दंड धरून ठेवला होता. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी हळूच हात काढून घेतला.

तेराव्याला गावजेवण घाला, असं काका म्हणाले होते, ते आम्ही टाळलं. भांडी धुवायलाही पाणी नव्हतं. त्याऐवजी गल्लीच्या समाजमंदिरात तासाभराची शोकसभा ठेवली. कागदी कपात चहा, दोन सतरंज्या, टेबलावर फोटो. आईचा एकटीचा फोटो सापडेना. शेवटी माझ्या लग्नातल्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. तिच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं राहिली होती.

एक नातेवाईक बोलले, शेजारचे गुरुजी बोलले. मग कुणीच उठेना. शेवटी मागं बसलेल्या एक म्हाताऱ्या मावशी चाचरत म्हणाल्या, "बाई, आज इचारू नाय, पण माझं खणाचं कापड तुझ्या आईकडं हाय. नातीचं लगीन हाय परवा."

मग दुसरी म्हणाली, "माझंबी हाय. निळं." तिसरीनं नुसता हात वर केला.

मी घरी जाऊन कपाटातलं गाठोडं आणलं. प्रत्येक कापडाला आईनं चिठ्ठी टाचली होती. फोटोसमोरच मी एकेक चिठ्ठी वाचून कापड देत गेले. बायका ते उलगडून बघत, घडी घालत आणि आईविषयी बोलायला लागत. गळा किती खोल घ्यायचा यावरून ती कशी भांडायची, बाळंतिणीचं काम कसं आधी करून द्यायची. अण्णा पहिल्यांदाच मान वर करून ऐकत होते.

मावशींच्या खणाचा ब्लाउज शिवून झाला होता, बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले. लहानपणी शिकलेलं अर्धंमुर्धं आठवत बाह्या लावल्या.

मावशींनी घालून बघितलं. "काखंत दाटतंय गं," म्हणाल्या.

मी बोट घालून बघितलं. खरंच दाटत होतं. "बसा," म्हणाले आणि बाही उसवायला घेतली.