प्रकाशरावांच्या मिशीतलं पाइनचं तेल

सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांसाठी धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे, अबुधाबीला निघाले. विमानतळावर तिचे यजमान प्रकाशराव घ्यायला आले होते. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. सुक्या बोंबलांचा असा दर्प की डोळ्यांत पाणी यावं.

"बसा ना, ताई," प्रकाशराव म्हणाले.

परक्या मुलखात पाऊल टाकल्या टाकल्या तक्रार कशी करायची? मी बसले. वाळवंट, काचेच्या इमारती, रस्त्याकडेच्या खजुरी, सगळं नाकाला पदर लावूनच पाहिलं. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी पोचल्यावर नंदानं गाडीत डोकावून सीटखाली हात घातला आणि शेजाऱ्यांचं पाच दिवसांपूर्वी हरवलेलं बोंबलांचं पार्सल बाहेर काढलं.

"पाच दिवस तुम्हाला वास आला नाही?" तिनं विचारलं.

प्रकाशराव सोफ्यावर बसले. "तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून कसलाच वास येत नाही. दीड महिना झाला. डॉक्टर सोडून सांगितलं नाही कुणाला."

प्रकाशराव दुबईच्या अल क्वोज भागात मसाल्याच्या गोदामात आहेत आणि आलेला माल हुंगून पास-नापास करणं हेच त्यांचं काम.

"मग दीड महिना केलंत काय?" मी विचारलं.

"गोदामात गुलाम नावाचा फोर्कलिफ्टवाला आहे ना, त्याच्या नाकापुढे मालाची मूठ धरायची. तो 'बढिया' म्हणाला की मी सही करतो."

डॉक्टरांनी उग्र वास सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं होतं. लवंग झाली, नीलगिरी झाली. आता ऑफिसात कुणी सर्दी समजून पाइनचं तेल सुचवलं होतं आणि त्यांनी बाजारातून बाटलीही आणली होती. मी त्यातला एक थेंब कागदावर टाकला. अस्सल सुगंधी तेल उडून जातं, तेलकट डाग ठेवत नाही. इथे भज्यांखालच्या कागदासारखा डाग तासाभरानंही तसाच.

"हे खायचं तेल आहे. वरून वास घातलाय."

"आय टोल्ड यू, बाबा," भाची मिहिका मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अल क्वोजमध्ये दाऊदचाचांच्या अत्तर-तेलांच्या दुकानात गेलो. चाचा मूळचे रत्नागिरीचे. मराठी ऐकून त्यांनी आधी करक (दाट, कडक चहा) मागवला, मग बाटली काढली. झाकण उघडताच कापलेल्या ओल्या लाकडाचा स्वच्छ, थंड वास दुकानभर पसरला.

"पाइनच्या पानांतनं वाफेवर काढतात, बाई. गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घ्या, छाती मोकळी वाटते. खोबरेल तेलात थोडं मिसळून गुडघ्याला चोळा. फरशी पुसायच्या पाण्यात टाका. पण पोटात घ्यायचं नाय, नि नुसतं कातडीला लावायचं नाय."

हे शेवटचं वाक्य येईपर्यंत प्रकाशरावांनी तेलात बोट बुडवून मिशीवरून फिरवलं होतं. क्षणात ओठ लालबुंद. ते नळाकडे धावले.

"पाण्यानं जायचं नाय ते," म्हणत चाचांनी त्यांना धरून खोबरेल लावलं आणि कापसानं पुसलं. आग थांबली. वास मात्र मिशीतच राहिला. रात्री लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, "क्लीनिंग चालू है क्या?"

त्यातच गुलाम रजेवर गेला आणि गुरुवारी वेलचीचा मोठा माल यायचा होता. खुद्द अरबाब (मालक) हजर राहणार होते.

"ताई, तुम्ही चला," प्रकाशराव म्हणाले. "माल चांगला असेल तर चष्मा सारखा करा. वाईट असेल तर खोका."

उभं आयुष्य कॉपी करणाऱ्यांना पकडत आले, आणि साठीत स्वतःच खुणा करायला निघाले.

रोजच्या वाफेनं पाइनचा वास टिकूनच होता; बंद गाडीत सव्वा तास त्या मिशीशेजारी बसून माझा घसा धरला होता. गोदामात अरबाबच्या शेजारी केरळचे एक वयस्कर व्यापारी पोत्यापाशी उभे होते. प्रकाशरावांनी मूठभर वेलची हुंगल्यासारखं केलं आणि माझ्यापुढे धरली. वास इतका सुरेख की मी चष्म्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. एकदा, दोनदा, थांबेचना.

"रिजेक्ट," प्रकाशराव गंभीरपणे म्हणाले.

त्या व्यापाऱ्यांचा चेहरा पाहवेना. "साब, नया माल है," ते हळूच म्हणाले.

"माल उत्तम आहे हो," मी म्हणाले. "मी तुमच्या मिशीमुळे खोकले."

अरबाबना मराठी कळलं नाही, पण काहीतरी शिजतंय हे कळलं. "क्या बोलती है?"

प्रकाशरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं: ताप, गुलाम, चष्मा, खोकला. अरबाबनी स्वतः वेलची हुंगली, मग प्रकाशरावांच्या जवळ जाऊन वास घेतला आणि झटकन मागे झाले.

"डेढ महिना सब माल गुलाम ने पास किया?"

"जी."

"एक भी कंप्लेंट नहीं आया." त्यांनी हातातली वेलची पोत्यात परत टाकली. "खलास (संपला विषय). माल रख लो. नाक का काम गुलाम करेगा, पगार भी बढ़ेगा. तुम ठीक होने तक पेपर देखो. लेकिन मुझसे छुपाया क्यों?"

प्रकाशरावांनी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्वतःच्या चष्म्याची काच पुसत बसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

सांगलीला परतून महिना झाला, तेव्हा नंदाचा फोन आला. प्रकाशराव इमारतीतल्या कचरा टाकायच्या खोलीपाशी उभे आहेत आणि घरात यायला तयार नाहीत. त्यांना वास आला होता. पाइनच्या तेलानं की दिवस गेल्यानं, मला सांगता येणार नाही. पुराव्याशिवाय श्रेय द्यायची मला सवय नाही. पण इतकी वर्षं मुलांना मी सुगंध आणि दुर्गंध असे दोन रकाने आखून द्यायचे. फोनवर प्रकाशराव सद्गदित होऊन सडलेल्या कांद्याचं वर्णन करत होते, आणि तो कुठल्या रकान्यात घालावा ते मला ठरवता येईना.