शेषेरावच्या गळ्यातली वीणा

सप्त्यात वीणेला शेषेराव उभा आहे म्हटलं की बोरवाडीची माणसं निर्धास्त जेवायला जात, आणि त्याच्यानंतर ज्याचा पहारा असेल तो तर हमखास उशिरा येई. सात दिवस मारुतीच्या देवळात वीणा अखंड वाजत राहायची. एका गळ्यातून निघाली की दुसऱ्याच गळ्यात पडायची, जमिनीला टेकायची नाही, असा नेम. गावानं पहारे वाटून घेतलेले असत. पण ऐन वेळी कुणाची म्हैस अडलेली असे, कुणाच्या साडूकडं बारसं असे, आणि शेषेराव हसून म्हणे, "जावा तुम्ही, मी हाय की." गावाच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढं पुढं त्याला विचारायचंही लोकांनी सोडून दिलं.

घरी मात्र हे 'मी हाय की' कधी कुणाच्या कानावर पडलं नाही. अहमदपूर ते बोरवाडी जीप मारायचा त्याचा धंदा. माणूस निर्व्यसनी, सवारीशी कधी तोंड वाकडं करून बोलायचा नाही. पण एकादशीला जीप जागची हलायची नाही, आणि आसपास कुठंही सप्ता बसला की हा तिकडं वीणेला. मग चूल चालायची ती कस्तुराबाईच्या रोजगारावर आणि एका म्हशीच्या दुधावर. साक्षी जन्मली तेव्हा शेषेराव शेजारच्या गावात पहाऱ्यावर होता. लेकीचं तोंड त्यानं पाहिलं ते बारशाला. तेव्हाही येताना त्यानं हार-बुक्का आणला होता, बाळंतिणीला खारीक-खोबरं आणायचं काही त्याच्या ध्यानात आलं नाही. कस्तुराबाई चार शब्द बोलली, आणि नंतर बोलायचीही बंद झाली. तीही माळकरीच होती. भाकरी थापता थापता सगळं भजन तिच्या तोंडून वाहत असायचं. फक्त त्याला कुणी भक्ती म्हटलं नव्हतं.

आता एवढं वीणेचं वेड का, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर माणसावर अन्याय होईल. शेषेराव लहान असताना त्याचा बाप असाच पहाऱ्याला उभा होता. पोटात उपास, डोक्यावर ऊन. चक्कर येऊन बाप कोसळला आणि वीणा फरशीवर आपटली. त्याच आठवड्यात गारपीट झाली, उभ्या ज्वारीचा चिखल झाला. गारा काय बोरवाडीपुरत्या पडल्या नव्हत्या, साऱ्या तालुक्यात पडल्या होत्या. पण गावानं कारण धरलं ते शेषेरावच्या बापाला. पंगतीत त्याच्या शेजारी बसायला लोक का-कू करू लागले. बाप मरेपर्यंत मान खाली घालून चालला. पोरानं ते सगळं पाहिलं होतं. म्हणून वीणा गळ्यात पडली की शेषेरावला फक्त देव दिसायचा नाही, बापाची ती वाकलेली मानही दिसायची.

त्या साली माघात सप्ता बसला. साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला. जावई सुदर्शन नांदेडला एका दुकानात कामाला. निघताना तो सासऱ्याला म्हणाला होता, "मामा, तुम्ही हायेत, जीप हाय, म्हणून इकडं ठेवून चाललो." शेषेराव म्हणाला, "बिनघोर जावा."

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारची पंगत उठली. गाव तुरीच्या राशीला रानात गेलं. दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाचा किराणा आणायला गावातली गाडी चालवणारी होती नव्हती ती सगळी पोरं टेम्पो घेऊन अहमदपूरला गेली, आणि त्यांच्यासोबत माधवराव गुरुजी. शाळेतून रिटायर झाल्यापासून सप्त्याचा सगळा कारभार गुरुजींकडं. आणि शेषेरावकडून वीणा घ्यायची पाळीही गुरुजींचीच. ते गेले तेव्हा वाटेत थांबून म्हणालेसुद्धा, "जरा मागंपुढं झालं तर सांभाळून घे."

"मी हाय की," शेषेराव म्हणाला.

देवळात तो आणि ओट्यावर बसलेले म्हातारे शंकरप्पा, एवढेच उरले. शंकरप्पांचा उजवा हात वाऱ्यानं लुळा पडलेला, त्यांना वीणा वाजवता येणार नव्हती. गुरुजींची वेळ कधीच टळून गेली होती.

कस्तुराबाई धावत आली तेव्हा शेषेराव माईकपुढं डोळे मिटून भजन म्हणत ठेका धरून होता. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"अहो, चला. साक्षीला रगत जाऊन राहिलंय. पोट दगडावानी झालंय तिचं. शेजारच्या मल्लम्माला बसवून आले तिच्यापाशी."

शेषेरावचे डोळे उघडले. बोटं तारेवर चालूच राहिली.

"अॅम्ब्युलन्सला फोन लाव."

"लावला. ती पेशंट घेऊन लातूरला गेलीया. यायला लई टाइम लागंल म्हणतेत. जीप काढा."

जीप समोरच होती, देवळाच्या पिंपळाखाली. किल्ली त्याच्याच खिशात. त्याला नुसते पाय उचलायचे होते. पण गळ्यातली वीणा कुठं ठेवायची? त्यानं इकडं तिकडं पाहिलं. शंकरप्पांनी लगबगीनं मोबाइल काढून डाव्या हातानं गुरुजींचा नंबर लावला आणि त्याच्या कानाला धरला.

"निघालोच बघ," गुरुजी पलीकडून म्हणाले. "टायर बसलं टेम्पोचं, पोरं बदलून राहिलेत. आलोच. वीणा मात्र सोडू नको बरं का शेषेराव, तुझ्या भरवशावर हाय सगळं."

"येऊन राहिलेत," शेषेराव बायकोला म्हणाला. "पाचच मिनिटं."

"पाच मिनिटं न्हाईत तिच्यापाशी!" कस्तुराबाई ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती देवळात ओरडली असेल. "ठेवा ती खाली. देवापुढं ठेवा. देवाला काय कळत न्हाई का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "खाली ठेवू? माझ्या हातानं?"

कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. सासऱ्याची गोष्ट तिला ठाऊक होती. या माणसाचं काय होतं आहे ते तिला दिसत होतं, म्हणून तर तिनं पुढचं सुचवलं. हातपाय गाळून बसायचं सोडून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, देवळाच्या नळावर पाय धुतले, आणि समोर येऊन मान वाकवली.

"माझ्या गळ्यात घाला. मी उभी राहते. माझ्याबी गळ्यात माळ हाय, मलाबी सगळं येतं. गुरुजी येवोस्तोवर एक शब्द तुटू देणार न्हाई. तुम्ही लेकीला घेऊन जावा."

झालं होतं की! सगळं सुटलं होतं. एका वाक्यात त्या बाईनं देवही सांभाळला होता आणि लेकही. शंकरप्पा ओट्यावरून म्हणाले, "दे रे तिला. दे."

आणि शेषेराव मागं सरकला.

"बाईच्या गळ्यात?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "आजवर न्हाई घातली कुणी. उद्या काला हाय, कस्तुरा. गाव काय म्हणंल? काही इपरीत झालं तर परत आपल्याच घरावर येईल."

यापेक्षा विपरीत काय व्हायचं होतं, ते सांगावं तरी कुणी त्याला. राग येतो, पण खरं सांगायचं तर तो दगड नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. एक मन जीपकडं धावत होतं. त्यानं मारुतीकडं पाहून मनात आकांत केला, गुरुजींना पाठव रे, आत्ता पाठव. देवानं देवळाच्या दारात उभं केलेलं माणूस मान वाकवून समोर होतं, आणि हा रस्त्याकडं डोळे लावून उभा होता.

कस्तुराबाईनं मान वर केली. ती घराकडं पळत सुटली. शेषेरावनं माईकपुढं भजन पुन्हा धरलं.

गुरुजी आले तेव्हा उन्हं कलली होती. टेम्पो थांबताच शंकरप्पांनी ओरडून सांगितलं, तसे गुरुजी धावत आले. पण धावत आले तरी रीत सुटली नाही. पाय धुणं झालं, बुक्का लावून झाला, एकमेकांच्या पाया पडणं झालं. घाईघाईनं का होईना, सगळं झालं. शेषेरावनंही ते केलं. नंतर त्याला सगळ्यात जास्त हेच आठवायचं, की त्या वेळीसुद्धा तो बुक्का लावून घ्यायला थांबला होता.

साक्षीला उचलून जीपमध्ये ठेवलं तेव्हा ती पांढरी पडली होती. मल्लम्मानं खाली घातलेली गोधडी भिजून गेली होती. शेषेराव गाडी चालवायला हुशार, पण त्या दिवशी त्याचा गिअर पडेना. अहमदपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावली आणि लातूरला न्यायला सांगितलं. लातूरला स्ट्रेचर आत गेलं आणि दार बंद झालं. सुदर्शन नांदेडहून निघाला होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी वाचेल म्हणाल्या. लेकराचं त्यांनी मान हलवूनच सांगितलं. मुलगा होता. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "रक्त केव्हापासून जात होतं?"

"दुपारपासून," कस्तुराबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवून दोघांकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर शेषेरावला बरं वाटलं असतं. कुणीतरी शिव्या द्याव्यात, तोंडात मारावी, असं त्याला झालं होतं. सुदर्शन आला, आणि लेकरू घेऊन मातीला गेला.

दुसऱ्या दिवशी काला झाला. दुपारी शेषेराव दवाखान्याच्या जिन्यात बसला होता, तेव्हा गुरुजींचा फोन आला. आधी ते हळहळले. खरोखर हळहळले, माणूस वाईट नव्हता. मग, एरवी अरेतुरे करणारे गुरुजी अहोजाहो करत म्हणाले, "महाराजांनी कीर्तनात तुमचं नाव घेतलं बघा. एवढा प्रसंग गुदरला, पण वीणा सोडली न्हाई म्हणाले. सगळं गाव रडलं. आता संध्याकाळी सत्कार ठेवलाय. लेकीच्या घरचं लेकरू, तुम्हाला सुतक न्हाई. तासाभरासाठी येऊन जावा."

आयुष्यभर शेषेरावला हेच ऐकायचं होतं. बाप गेल्यापासून तो याचीच वाट पाहत उभा होता. आज ते कानात पडत होतं, आणि त्याला ते ऐकवेना. त्यानं फोन बंद केला आणि जिन्याच्या कठड्याला धरून उठला. देवाचं नाव घ्यावं म्हणून तोंड उघडलं, तर ते नावही येईना. त्या नावाची त्याला भीती वाटू लागली होती.

आत साक्षी जागी झाली होती. कस्तुराबाई तिच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. शेषेराव खाटेच्या पायथ्याशी जाऊन थांबला. लेकीनं त्याच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला झेपलं नाही.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला. "देवळातला माईक चालू होता. तुमचा आवाज घरात येऊन राहिला होता. मल्लम्मा म्हणायची, दम धर, आवाज बंद झाला की समज तुझे अण्णा निघाले. मी तेच ऐकत पडले होते." तिनं ओठ ओले केले. "बंदच होईना, अण्णा. का होईना?"

लेकीनं बापाचं काही विचारलं की आजवर उत्तर कस्तुराबाईच देत आली होती. अण्णा कामात आहेत, अण्णा देवळात आहेत, येतील, झोप तू. शेषेरावनं सवयीनं तिच्याकडं पाहिलं. तिनं चमचा वाटीत ठेवला, पदरानं लेकीचे ओठ पुसले, आणि तीही त्याच्या उत्तराची वाट बघत बसली.