भास्करभाऊंच्या चपला

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. चक्कीवर दळण आणायला गेलं की अंगावर पीठ बसतंच, तसं आमचं झालंय. दर रविवारी दुपारी वडनेरला भास्करभाऊंच्या घरी आम्ही पिक्चर बघतो आणि संपल्यावर प्रत्येकाने रिव्ह्यू द्यायचा. मंडळी चारच. भास्करभाऊंची पिठाची चक्की, मोरे सर शाळेत, शोभाताई दवाखान्यात नर्स आणि माझं मेडिकल. आठवडाभर मी गिऱ्हाइकांना हेच किस्से सांगत बसतो, गोळ्या नंतर!

भास्करभाऊंचा रिव्ह्यू तोंडी नसतो. पिक्चर आवडला नाही की ते मध्येच उठतात, दारातल्या चपला पायात घालतात आणि अंगणापलीकडे चक्कीवर निघून जातात. चपला घातल्या म्हणजे पिक्चर नापास!

*

एकदा मोरे सरांनी जुना, नावाजलेला ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर आणला. पहिली दहा मिनिटं एक म्हातारा खिडकीत बसलेला. संवाद नाही, संगीत नाही.

सर भारावून म्हणाले, "बघा, इथं शांतता बोलतेय!"

"मंग बोलू द्या न तिले! मी काऊन मधात बसू?" भास्करभाऊंनी चपला घातल्या.

*

युद्धाच्या पिक्चरमध्ये हिरोला तीन गोळ्या लागल्या. तरी तो आईवर, गावावर, मातीवर बोलतच होता. मोरे सर डोळे पुसत होते.

शोभाताईंचा रिव्ह्यू एका वाक्यात आला. "आमच्याकडं एका सुईत लोक देवाचं नाव विसरून जातात, अन् हा पाहा!"

*

लव्ह स्टोरीत हिरो-हिरोईन उभ्या गव्हात गाणं म्हणत लोळले. गाणं संपलं तरी भास्करभाऊ चपलांकडे गेले नाहीत. पुढे दोघांची ताटातूट झाली, शोभाताई रडल्या, मीही रडलो. भास्करभाऊंचेही डोळे ओले दिसले. मला बरं वाटलं, म्हटलं, माणूस विरघळला!

"लय वाईट झालं," ते म्हणाले. "ओंबीत दाना भरला होता बाप्पा! सारा गहू आडवा केला!"

*

सस्पेन्स पिक्चर असला की मोरे सर पहिल्या सीनपासून खुनी ओळखतात. एकदा त्यांनी नोकर, डॉक्टर, बायको, भाऊ आणि इन्स्पेक्टर अशा सगळ्यांवर बोट ठेवलं. शेवटी खुनी निघाला भाऊ.

"मी सांगितलं नव्हतं?" सर छाती फुगवून म्हणाले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

*

भुताच्या पिक्चरला आमची बोबडी वळलेली आणि भास्करभाऊ घोरायला लागले. त्या आवाजाला घाबरून मोरे सर माझ्या मांडीवर येऊन बसले!

जागे झाल्यावर भास्करभाऊ म्हणाले, "भुताले काय भ्याचं बे? लाईट लावा, झालं!" आणि चपला.

*

आता पल्लवीचं सांगतो. भास्करभाऊंची ही एकुलती एक लेक. तिला पिक्चर बनवायला शिकायचं होतं, त्यासाठी पुण्याला जायचं होतं. भास्करभाऊंनी अटच घातली.

"तुहा पिक्चर मले शेवटपर्यंत बसवून ठेवन, तं जाय पुन्याले. नाईतं चक्कीवर बस."

ज्या माणसाने मोठमोठ्यांना नापास केलं, त्याच्यापुढे ही पोरगी मोबाइलवर काढलेला छोटासा पिक्चर ठेवणार! आदल्या दिवशी मलाच जेवण गेलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. चक्की बंद, दाराला कुलूप.

पडद्यावरही हीच चक्की, हेच कुलूप. आत जमिनीवर पिठाचा थर. कोणी नसताना पट्टा हळूहळू फिरायला लागला. पिठात एक पाऊल उमटलं. मग दुसरं. माणूस दिसेना, पावलं मात्र दाराकडे येत होती. कुलूप आपोआप उघडून लोंबकळलं. पांढरी पावलं अंगणात उतरली आणि याच घराकडे निघाली.

भास्करभाऊ उठले.

दारात गेले आणि त्यांनी चपला घातल्या.

"भाऊ, थोडाच राह्यला हो!" शोभाताई कळवळून म्हणाल्या. मोरे सरांनी मान खाली घातली. पल्लवीचे डोळे भरून आले. तिने पिक्चर बंद करायला रिमोट उचलला. मला भास्करभाऊंचा असा राग आला, की पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही असं मी मनात ठरवून टाकलं.

पण भास्करभाऊ काही बाहेर पडेनात. चपला घालून उंबऱ्यातच उभे. समोरच्या चक्कीकडे बघत होते. मग मागे न वळताच बारीक आवाजात म्हणाले,

"पल्लवे, बंद नको करू बाई. पॉज कर. आल्यावर पुरा पाहू."

"कुठून आल्यावर, बाबा?"

"चाल न जरा मह्यासंग. चक्कीचं कुलूप पाहून येऊ."