डाव्या हाताचं दुखणं

मास्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगुड्याला बसची वाट बघत होते. हार्टअटॅक, एवढंच नीट ऐकू आलं. मनात पहिल्यांदा आला तो त्यांचा डावा हात... महिना होऊन गेला, अजून तोच येतो.

अंबरपेठेत एका शाळेच्या गच्चीवर ते कराटे शिकवत. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, आणि हे मी चारचौघांत सांगतेही. त्यावरून मास्टरांनी माझं नावच 'बी.कॉम.' पाडलं. सुरीचा वार चुकवायच्या सरावात हल्लेखोर कायम तेच. सुरी रबराची, पण माणूस डावखुरा. आम्ही सगळे उजव्या हाताच्या सवयीचे, हमखास फसायचो. मी सुरीकडे बघत राहायची आणि ती पोटात टोचायची. "बी.कॉम., पातं काय वाचतेस? खांदा बघ," म्हणायचे. ऑफिसातून घाबरत घरी जायचं मला संपवायचं होतं, म्हणून चिकटून राहिले.

एका रविवारी जमलं. त्यांचा खांदा हलला, मी बाजूला सरले, मनगट धरून असा पीळ घातला की सुरी खाली आणि मास्टर गुडघ्यावर. पुढच्या क्लासला ते डावा खांदा चोळतच आले. नव्या मुलींना बोलावून दाखवत होते, हा बघा, हिनं पिरगळलाय. त्यांना घाम फुटला होता, पण गच्चीवर ऊनही होतं. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "हौली झालीस का, वेडे? हे तुझं सर्टिफिकेट आहे. राहू दे चार दिवस." मी हसले. डिग्री हातात घेतानाही एवढा अभिमान वाटला नव्हता.

तेराव्याला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला जवळ बसवलं. "हात ठणकतोय म्हणून झोपत नव्हते. दवाखान्यात चला म्हटलं, तर नक्को, माझ्या बी.कॉम.नं पिरगळलाय म्हणाले... फार कौतुक होतं गं तुझं." त्या बोलण्यात मी राग शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गच्चीवरचा क्लास आता आम्हीच चालवतो. हल्लेखोर व्हायची पाळी आली की जो तो सुरी डाव्या हातात घेतो. तसं कुणी ठरवलेलं नाही. मी बाजूला सरते, मनगट धरते, सगळं बरोबर होतं... पीळ घालायच्या वेळी मात्र हात थांबतो. सुरी समोरच्याच्या हातात तशीच राहते, आणि मी विचारते, दुखतंय का कुठं? कधीपासून?